एका मुतखड्याचा इतिहास



गेल्या हिवाळ्यात जबलपूरला आमच्या घरी एक लहानसे आजारपण होऊन गेले. आजारी पडली होती माझ्या धाकट्या मुलीची गिनिपिग. चिंगी हे तिचे नाव, वय तीन वर्षे आणि वजन साडेआठशे ग्रॅम. एके सकाळी पिंजऱ्यातल्या पांढऱ्या फडक्यावर रक्ताचा डाग दिसला. दुपारी ती पाठ वाकवून कोपऱ्यात बसली आणि लघवी करताना इतक्या बारीक व तीक्ष्ण आवाजात किंचाळली, की माझी आई स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आली. तिने जवळ बसून थोडा वेळ पाहिले आणि म्हणाली, "हा मुतखडा रे. तुझ्या आजोबांना असाच त्रास होता."

दुसऱ्या दिवशी क्ष-किरणांच्या छायाचित्राने आईचे निदान खरे ठरविले. काळ्या पार्श्वभूमीवर, मूत्राशयाच्या जागी, तुरीच्या दाण्याएवढा एक पांढरा ठिपका स्पष्ट दिसत होता. पशुवैद्य म्हणाले, "शस्त्रक्रियेवाचून हा निघणार नाही. पण एवढ्याशा जीवाला भूल मानवेलच, अशी हमी मी देऊ शकत नाही." त्यांनी वेदनाशामक औषध दिले आणि पाच दिवसांनंतरची वेळ ठरविली. तोपर्यंत आम्ही विचार करायचा होता.

कचेरीत ही गोष्ट निघाली तेव्हा एक स्नेही हसून म्हणाले, "साहेब, शस्त्रक्रियेच्या पैशांत अशा चार गिनिपिग येतील." त्यांच्या बोलण्यात दुष्टावा नव्हता. त्यात हिशेब होता, आणि हिशेबाची सवय मलाही आहे. लाभाचा व खर्चाचा रकाना मांडल्याखेरीज कागदावर सही करावयाची नाही, हे सरकारी नोकरीत पहिल्या वर्षीच अंगवळणी पडते. मी त्यांना उत्तर देऊ शकलो नाही. मात्र इतिहास हा माझा एम. ए.चा विषय, आणि ज्या प्रश्नाला घरात उत्तर सापडत नाही, त्याचे उत्तर जुन्या ग्रंथांत शोधावयाचे, ही खोड मला तेव्हापासून जडलेली आहे. त्या पाच दिवसांत जे वाचले व आठवले, आणि पुढे चिंगीच्या पिंजऱ्याजवळ बसून जे पाहिले, ते आज आपणांपुढे ठेवीत आहे.

मुतखडा हा माणसाचा फार जुना सोबती. आपल्या वैद्यकात त्याला अश्मरी म्हणतात, आणि सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या सुश्रुतसंहितेत त्याचे निदान व चिकित्सा यांना स्वतंत्र अध्याय दिलेले आहेत. खडा कसा बनतो हे सांगताना सुश्रुताने एक घरगुती दाखला दिला आहे. नव्या घड्यात अगदी स्वच्छ पाणी भरून ठेवले, तरी काही काळाने तळाशी गाळ बसतोच. मूत्राशयात खडा धरतो तो तसाच, असे त्याचे म्हणणे. हा रोग बहुधा लहान मुलांना होतो, हेही त्याने नोंदविले आहे. ही नोंद आपण लक्षात ठेवू. तिचे कारण कळावयास पुढे शतकानुशतके जावी लागली.

सुश्रुत हा शल्यवैद्य खरा, पण शस्त्र उचलण्याची त्याला घाई नाही. नवा खडा औषधी घृतांनी, काढ्यांनी, क्षारांनी जातो का ते आधी पाहावे. त्याने गुण आला नाही तरच शस्त्र हाती घ्यावे, आणि तेही धन्याची अनुज्ञा घेऊन; कारण शस्त्रक्रिया न केली तर मृत्यू निश्चित आणि केली तर यशाविषयी संशय. रोग्याचे प्राण आणि वैद्याची बुद्धी यांच्यामध्ये अनुज्ञेची ही एक पायरी त्याने बांधून ठेवली आहे. पुढे छेद कोठे घ्यावा, सेवनीला म्हणजे मधल्या शिवणीला धक्का न लावता तिच्या डाव्या अंगाला किती अंतर ठेवावे, हे त्याने सांगितले आहे. खडा फुटू देऊ नये, कारण मागे राहिलेला अल्पसा चुरासुद्धा पुन्हा वाढतो, असा इशाराही दिला आहे. शस्त्र बाजूला ठेवल्यावर त्याचा अध्याय संपत नाही. रोग्याला उष्ण पाण्याच्या द्रोणीत बसवावे, आधी पेज द्यावी, मग काही दिवस दूधभात, असे शुश्रूषेचे तपशील क्रमाने येतात.

पश्चिमेकडची कथा थोडी निराळी आहे. ग्रीक वैद्यांच्या हिपोक्रेटिसच्या नावाने चालत आलेल्या शपथेत, मुतखड्याच्या रोग्यावर आपण शस्त्र चालविणार नाही, असे वचन आहे. ते काम त्यातल्या कसबी माणसांवर सोपवावे, असा त्याचा अर्थ. आपल्याकडे धन्याची अनुज्ञा, तिकडे वैद्याचे पथ्य. पण दोन्ही ठिकाणी भीती एकच. मूत्राशयाच्या वाटेवर माणसाचा हात किती चालेल, याची खात्री कोणालाच नव्हती.

ही भीती एकोणिसाव्या शतकात कमी होत गेली. १८२४ साली पॅरिसमध्ये सिव्हिआल या शल्यवैद्याने शरीर न कापता, मूत्रमार्गातून उपकरण घालून, खडा आतल्या आत फोडून दाखविला. १८७८ मध्ये बॉस्टनच्या बिगेलोने एकाच बैठकीत खडा चुरून तो चुरा धुऊन शोषून घेण्याची रीत काढली. पण मुलांचे काय? त्यांचा मूत्रमार्ग इतका अरुंद, की त्यात उपकरण जाणार नाही असे बहुतेकांचे मत होते. मुलांना सुरीच लावावी लागे. हे मत बदलले ते आमच्या मध्य भारतात. होळकरांच्या इंदूरला रेसिडेन्सीचे शल्यवैद्य असलेल्या कीगन यांनी १८८०च्या दशकात बारीक उपकरणे घेऊन लहान मुलांचे खडे फोडून काढले आणि १८८७ साली त्यावर पुस्तक लिहिले. इंदूरच्या इस्पितळात मुतखड्याची इतकी मुले येत होती, ही त्या गोष्टीची दुःखद बाजू. सुश्रुताची नोंद दोन हजार वर्षांनीही खरीच होती.

मुलांनाच का, या प्रश्नाचा धागा सापडला तो शस्त्राच्या टोकाशी नव्हे, ताटात. दक्षिणेत निलगिरीवर कुन्नूर येथे रॉबर्ट मॅककॅरिसन हे आहाराचे संशोधन करीत होते. पंजाब व वायव्येकडील प्रदेशांत मुतखडा फार आणि दक्षिणेत त्या मानाने कमी, हे सर्वांना दिसत होते. मॅककॅरिसन यांनी १९२०च्या दशकात पांढऱ्या उंदरांना मुख्यतः पिठाचा, जीवनसत्त्वांनी हीन असा आहार देऊन पाहिला. त्यांच्या मूत्राशयांत खडे धरले. त्याच आहाराला दुधाची जोड दिली तेव्हा खडे टळले. १९३१ साली त्यांनी भारतातील मुतखड्याच्या कारणांवर व्याख्यान दिले, त्यात गरिबाच्या घरचे दुधावाचूनचे ताट हेच मुख्य आरोपी म्हणून उभे केले. आज आपल्याकडे मुलांच्या मूत्राशयातील खडे पुष्कळ कमी झाले आहेत. त्याचे श्रेय शल्यवैद्यांइतकेच सुधारलेल्या आहाराला दिले जाते. कुन्नूरच्या त्या प्रयोगशाळेतून वाढलेली संस्था १९५८ साली हैदराबादला गेली. आज आपण तिला राष्ट्रीय पोषण संस्था म्हणून ओळखतो.

इथवर माणसाच्या खड्याची हकीकत झाली. आता ज्या प्राण्याच्या पोटी आमच्या घरी खडा आला, त्याच्या कुळाकडे वळू.

गिनिपिग हा ना गिनी देशाचा, ना डुकराच्या जातीचा. त्याचे माहेर दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वत. तेथील लोकांनी हजारो वर्षांपूर्वी त्याला माणसाळविले, ते मांसासाठी. पेरूमध्ये तो आजही खाल्ला जातो. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोकांनी तो मुलूख जिंकला आणि नव्या जगातून जसे बटाटे, मिरच्या, टोमॅटो जुन्या जगात आले, तसाच हा बिनशेपटीचा, गुबगुबीत प्राणीही आला. युरोपात तो खानदानी घरच्या मुलांचा खेळगडी झाला. अंगाने लहान, स्वभावाने गरीब, चावत नाही, उडी मारून पळत नाही. याच गुणांमुळे तो पुढे शास्त्रज्ञांच्या हाती पडला.

पॅरिसमध्ये १७८२-८३च्या हिवाळ्यात लाव्हाझिए व लाप्लास यांनी एका गिनिपिगला बर्फाच्या पात्रात बसविले. त्याच्या अंगच्या उष्णतेने किती बर्फ वितळते ते मोजून, श्वसन हे एक मंद ज्वलनच आहे, हे त्यांनी दाखविले. १८८२ साली रॉबर्ट कॉख यांनी क्षयाचा जंतू जगापुढे मांडला, तेव्हा पुराव्यात गिनिपिगांचे मृतदेह होते. १८९०च्या सुमारास घटसर्पावरील रक्तलशीचा मार्ग सापडला, तोही गिनिपिगांच्या शरीरांतून. इंग्रजी भाषेत तर ज्याच्यावर प्रयोग करावयाचा त्या माणसालाच गिनिपिग म्हणू लागले, आणि तो शब्द आता आपल्या वर्तमानपत्रांतही रुळला आहे.

पण यासाठी पॅरिस-बर्लिनपर्यंत जाण्याचे कारण नाही. आपल्या मुंबईवर या प्राण्याचे ऋण आहे. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. हाफकिन यांनी लस तयार करून १८९७च्या जानेवारीत ती प्रथम स्वतःच्या अंगावर टोचून घेतली, आणि १८९९ साली त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या सरकारी निवासात गेली. परंतु प्लेग उंदरापासून माणसापर्यंत पोचतो कसा, हे अजून सिद्ध व्हावयाचे होते. सिमाँ या फ्रेंच वैद्याने १८९८ साली कराचीत पिसवेकडे बोट दाखविले होते. त्याचे म्हणणे पुष्कळांना पटले नव्हते. १९०५ साली नेमलेल्या संशोधन मंडळाने मुंबईच्या प्लेगग्रस्त घरांत गिनिपिग मोकळे सोडले. उंदीर मेले की त्यांच्या अंगावरच्या भुकेल्या पिसवा या प्राण्यांवर गोळा होत आणि कित्येक गिनिपिग प्लेगने मरत. पिसवांची उडी जेथे पोचत नाही अशा उंचीवर टांगलेल्या पिंजऱ्यांतले मात्र वाचत. या प्रयोगांनी पिसवेवरचा आरोप पक्का झाला. ज्या चाळींतून माणसे पळून गेली होती, त्या चाळींच्या ओस खोल्यांत या मुक्या प्राण्यांनी साक्ष दिली, असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

त्याच परळात दुसरीही एक वास्तू आहे. दिनशा माणेकजी पेटिट यांच्या दातृत्वातून उभे राहिलेले बाई साकरबाई पशुरुग्णालय आणि त्याच्या जोडीने १८८६ साली निघालेले मुंबईचे पशुवैद्यक महाविद्यालय. एकाच वस्तीत, एका आवारात प्राण्यांचे प्राण माणसासाठी खर्ची पडत होते आणि दुसऱ्या आवारात त्यांच्या जखमा बांधल्या जात होत्या. इतिहासाच्या विद्यार्थ्याने यांपैकी एकाचीच बाजू घेऊ नये. प्लेगच्या लशीने वाचलेल्यांत आपले आजे-पणजेही असतील.

गिनिपिगचे आणखी एक देणे थेट चिंगीच्या आहाराशी येऊन मिळते. १९०७ साली नॉर्वेतील होल्स्ट व फ्रोलिख यांनी गिनिपिगांना केवळ धान्यावर ठेवले, तेव्हा त्यांना स्कर्व्ही झाला. खलाशांच्या हिरड्या सुजविणारा व प्राण घेणारा हाच तो रोग. गाय, कुत्रा, उंदीर यांची शरीरे क जीवनसत्त्व स्वतः बनवितात. माणूस आणि गिनिपिग यांना ते बनविता येत नाही. या एका उणिवेने दोघांना एका पंगतीला बसविले. पुढे हंगेरीतील सेगेद येथे सेंट-ग्यॉर्गी यांनी १९३२च्या सुमारास गिनिपिगांवरच परीक्षा घेऊन ते जीवनसत्त्व ओळखले आणि तेथील लाल मिरचीतून ते भरपूर मिळविले. आज पशुवैद्य गिनिपिगला रोज ढोबळी मिरचीची फोड द्या म्हणतात, तेव्हा नव्या जगातून आलेली मिरची नव्या जगातून आलेल्या प्राण्याला आपण परत करीत असतो.

सारखेपणाला मर्यादाही आहेत. १९४० साली ऑक्सफर्डला पेनिसिलिनची पहिली परीक्षा उंदरांवर झाली आणि ते वाचले. पुढे १९४३मध्ये असे दिसून आले की तेच पेनिसिलिन गिनिपिगला मारक ठरते, कारण त्याच्या आतड्यातील उपकारक जंतूंचा तोल त्याने ढळतो. पहिली परीक्षा गिनिपिगवर झाली असती, तर ते औषध कदाचित फेकून दिले गेले असते, असे पुष्कळदा म्हटले जाते. घरगुती शहाणपणाने माणसाची औषधे या प्राण्याला देऊ नयेत, हा त्यातला व्यवहारी धडा.

तो धडा आमच्या घरी लगेच उपयोगी पडला. आईने त्याच संध्याकाळी कुळीथ भिजत घातले होते. आजोबांना कुळथाच्या कढणाने उतार पडला होता, असा तिचा अनुभव. मी पशुवैद्यांना विचारले. ते म्हणाले, "आईंना सांगा, हे कढण तुम्हीच घ्या. हिचा खडा वेगळा आहे आणि हिचे पोटही वेगळे आहे."

वेगळा तो कसा? माणसाच्या मूत्रपिंडातला खडा बहुधा ऑक्झलेटचा असतो. गिनिपिगच्या मूत्राशयात सापडणारे खडे बहुतांशी कॅल्शियम कार्बोनेटचे असतात. इतर पुष्कळ प्राण्यांचे शरीर अन्नातला जरुरीपुरता चुना उचलते. गिनिपिगचे शरीर तो सढळ हाताने उचलते आणि नको असलेला मूत्रावाटे टाकते. मूत्र अल्कधर्मी, त्यात चुना फार आणि पाणी कमी पडले, की सुश्रुताच्या घड्यातला गाळ बसू लागतो. कॅल्शियम कार्बोनेट म्हणजे काय, हे जबलपूरकराला सांगावयास नको. आमच्या शहरापासून थोड्याच अंतरावर भेडाघाटला नर्मदा ज्या पांढऱ्या कड्यांमधून वाहते, ते संगमरवराचे कडे याच द्रव्याचे. त्यांत मॅग्नेशियमचीही भर आहे एवढेच. ज्याला पाहावयास देशभरचे प्रवासी होडीतून जातात, त्याचाच एक दाणा आमच्या चिंगीच्या पोटात सलत होता.

मग पशुवैद्यांनी आहार विचारला आणि मला मान खाली घालावी लागली. हिवाळ्यात आमच्या भागात बरसीम भरपूर मिळते. रोज सकाळी फिरावयास गेलो की मी चिंगीसाठी कोवळ्या बरसीमची जुडी आणी. ती आवडीने खाई आणि मला त्याचे कौतुक वाटे. बरसीम काय किंवा लसूणघास काय, ही द्विदल वर्गातली चाऱ्याची पिके. दुभत्या जनावराला ती अमृत, कारण त्यांत चुना व प्रथिने विपुल. वाढत्या पिलाला किंवा गाभण मादीलाही चालतील. पण वाढ पूर्ण झालेल्या गिनिपिगला तोच चुना जड जाण्याची भीती. खडा होण्याचे कारण एकच नसते, वय आहे, जंतुदोष आहे, जन्मजात प्रवृत्तीही असेल, असे म्हणून पशुवैद्यांनी माझे समाधान केले. तरी माझ्या मनाला लागले ते लागलेच. मॅककॅरिसनच्या काळातल्या मुलांना खडा झाला तो ताटातल्या उणेपणाने. चिंगीला झाला तो बहुधा माझ्या हातच्या अधिकपणाने.

आज जबलपूरसारख्या गावी अशा लहान प्राण्याची चिकित्सा होऊ शकते, यामागेही इतिहास आहे. १९४८ साली येथे पशुवैद्यक महाविद्यालय निघाले. त्या वेळी हा सारा मुलूख मध्यप्रांत व वऱ्हाड या नावाने नांदत होता आणि त्याची राजधानी नागपूर होती. १९५६ला प्रांतरचना बदलली, १९५८ला नागपूरचे स्वतंत्र महाविद्यालय निघाले. १९५६पर्यंत विदर्भातल्या मुलाला आपल्या प्रांतात पशुवैद्यक शिकावयाचे तर जबलपूरचीच वाट होती. १९६४ साली हे महाविद्यालय जवाहरलाल नेहरू कृषी विद्यापीठात गेले आणि २००९ साली पशुवैद्यकाचे स्वतंत्र विद्यापीठ झाले. त्याला पुढे नाव मिळाले नानाजी देशमुखांचे. नानाजी १९१६ साली जन्मले ते आजच्या हिंगोली जिल्ह्यातील कडोळी गावी. गाई-म्हशींसाठी, शेतकऱ्याच्या बैलासाठी उभी राहिलेली ही विद्या. पण विद्येचे असे आहे की ती एकदा गावात आली, की तिच्या सावलीत मुलांच्या सशा-गिनिपिगांनाही जागा मिळते.

शस्त्रक्रियेच्या सकाळी माझ्यापुढे एक कागद आला. भुलीतील धोका मला समजला आहे व माझी संमती आहे, अशा अर्थाचा मजकूर. रोज अशा शेकडो कागदांवर सही करणारा माझा हात त्या दिवशी थबकला. सुश्रुताने ज्या अनुज्ञेची पायरी सांगितली ती हीच, हे तेव्हा ध्यानात आले. न करावे तर मूत्रमार्ग तुंबून वेदनामय मरण. करावे तर संशय. मुलगी शेजारी उभी होती. मी तिला म्हटले, "तुझी चिंगी आहे. तू सांग." ती म्हणाली, "बाबा, तिला दुखतंय ना. मग करू या." मी सही केली.

या प्राण्याला ओकारी येत नाही आणि त्याचे आतडे फार वेळ रिकामे राहून चालत नाही, म्हणून माणसासारखे रात्रभर उपाशी ठेवले नव्हते. भुलीच्या वायूने निजवून, पोटावर लहानसा छेद घेऊन, मूत्राशय उघडून खडा काढला, आत धुतले आणि टाके घातले. काम अर्ध्या-पाऊण तासाचे. आम्हांला तो वेळ फार मोठा वाटला. बाहेर आले तेव्हा पशुवैद्यांच्या तळहातावर एक खरखरीत, पिवळसर पांढरा खडा होता. ते म्हणाले, "माझे काम झाले. आता खरे काम तुमचे."

ते शब्दशः खरे होते. पहिले चार दिवस दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा, वाळल्या गवताच्या भुकटीची पेज बिनसुईच्या पिचकारीने गालाच्या बाजूने थोडी थोडी भरवावी लागली. घाईने दिली तर ती श्वासनलिकेत जाते. गिनिपिगने खाणे थांबविले की आतडे थांबते, आणि आतडे थांबले की खडा निघूनही जीव जातो. पिंजऱ्यात भुसा नको, धुतलेले मऊ फडके, शेजारी कोमट पाण्याची बाटली गुंडाळून, वेदनाशामक वेळेवर, टाक्यांकडे रोज लक्ष. रात्रीच्या दोनच्या पाळीला आई उठे. कुळथाचे कढण नाकारल्याचा राग तिने पेज भरविण्यात विसर्जित केला. मांडीवर फडके घेऊन ती चिंगीशी बोले, ते मी लहानपणी तापात ऐकले होते तेच शब्द.

माझ्याकडे नोंदवही होती. स्वयंपाकघरातल्या काट्यावर रोज सकाळी वजन, किती पेज, किती लेंड्या, फडक्यावर डाग आहे की नाही. वजन ८५० ग्रॅमवरून ७६५वर आले. पाचव्या दिवशी तिने आपण होऊन गवताची एक काडी उचलली आणि ती टोकापासून टोकापर्यंत चावून संपविली. मुलीने सगळ्या घराला हाक मारली. नोकरीत मी पुष्कळ अहवाल लिहिले आहेत. त्या दिवसाची 'स्वतः खाल्ले' ही दोन शब्दांची नोंद लिहिताना मला जितके समाधान वाटले, तितके क्वचितच वाटले असेल.

आता आमच्या घरचा नियम असा आहे. चोवीस तास वाळले साधे गवत पुढे. त्याने सतत वाढणारे दातही झिजतात. बरसीम बंद, पालक क्वचित. ढोबळी मिरची, काकडी, सॅलडची पाने, पाणी निथळू न देता ओलीच. कारण तेवढेच पाणी पोटात जाते. क जीवनसत्त्व पाण्यात कालवावयाचे नाही, तेथे ते लवकर निकामी होते. हिरव्या खाण्यातून किंवा वेगळे द्यावयाचे. दोन ठिकाणी स्वच्छ पाणी. आणि पांढरे फडके रोज सकाळी उजेडात पाहावयाचे. खडा पुन्हा होऊ शकतो, पुष्कळांना होतो. मागे राहिलेला चुराही पुन्हा वाढतो हा सुश्रुताचा इशारा आजच्या पशुवैद्यानेही जवळजवळ त्याच शब्दांत दिला.

माझ्या स्नेह्यांना द्यावयाचे उत्तर अद्याप बाकी आहे. त्यांचा हिशेब चुकीचा नव्हता, पण त्यात एक रकाना राहून गेला होता. मुंबईच्या ओस खोल्यांत, नॉर्वेच्या नि हंगेरीच्या प्रयोगशाळांत, ज्या प्राण्याने स्वतःचे काहीही नसलेल्या कामासाठी जीव दिला, त्याच्या खात्यावर आपल्याकडून आजवर फारसे काही जमा झालेले नाही. एका चिंगीची शुश्रूषा केल्याने ते खाते चुकते होईल असे मी म्हणत नाही. परंतु देणे आहे एवढी नोंद तरी कोणीतरी करावयास हवी, आणि ती नोंद माझ्या मुलीने माझ्याआधी केली होती.

तो खडा मुलीने एका लहान बाटलीत ठेवला आहे. भेडाघाटहून आणलेल्या संगमरवराच्या तुकड्याशेजारी तो तिच्या टेबलावर असतो. आज सकाळी मी घरून निघालो तेव्हा चिंगीचे वजन ८४० ग्रॅम होते आणि फडके स्वच्छ होते.